सोपाऱ्याहून सुटलेलं जहाज आणि लंकेची यक्षिणी

जुन्या अद्भुतकथांमधली खलनायिका म्हटलं की आपल्यापैकी इंग्रजी वाचणाऱ्यांना रायडर हॅगार्डची 'शी' आठवते. १८८७ सालची कादंबरी. आफ्रिकेतल्या गुहांमध्ये दोन हजार वर्षं राज्य करणारी आयेशा, तिच्यापुढे गोरे साहेबसुद्धा गुडघे टेकतात, आणि शेवटी ती आगीत संपते. पण मंडळी, याच जातीच्या एका फार जुन्या गोष्टीचा धागा आपल्या विरार लोकलच्या वाटेवर आहे. वसईच्या पुढचं स्टेशन, नालासोपारा!

सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप खणून काढला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना इथेच मिळाला. पाली ग्रंथांत याच गावाचं नाव 'सुप्पारक'.

आता गोष्ट. श्रीलंकेच्या 'महावंस' या पाचव्या-सहाव्या शतकातल्या पाली ग्रंथात विजय नावाचा राजपुत्र आहे. तो आणि त्याचे ७०० सोबती इतके उपद्रवी, की बापाने सगळ्यांची अर्धी डोकी भादरून त्यांना जहाजात घालून हाकललं. जहाज लागलं सोपाऱ्याला. तिथेही या मंडळींनी दांडगाई केली, म्हणून तिथूनही निघावं लागलं. मग आली लंका.

तिथे झाडाखाली एक तापसी सूत कातत बसलेली. ही कुवेणी, यक्षिणी. विजयच्या माणसांना ती एकेक करून पकडते. हातावर मंतरलेला दोरा असल्यामुळे खाता येत नाही, म्हणून खड्ड्यात टाकते. मग विजय येतो, तिचे केस धरून तलवार उगारतो, आणि ती शरण येते. होमरची सर्सी आठवली ना? तीही मागावर बसलेली, माणसांची डुकरं करणारी, आणि तलवार उपसल्यावर नमणारी.

पण खरी गंमत पुढे आहे. कुवेणी विजयच्या माणसांना जेवू घालते, त्याच्याशी संसार मांडते, यक्षांच्या नगरात लग्नाचा सोहळा चालू असताना आपल्याच लोकांना मारायला त्याला मदत करते. राज्य हातात आल्यावर विजयला अभिषेकासाठी क्षत्रिय राणी हवी होते. मदुरेहून पांड्य राजकन्या येते आणि कुवेणीला दोन मुलांसकट घर सोडायला सांगितलं जातं. ती माहेरी जाते. हेर समजून एक यक्ष तिला एका फटक्यात मारून टाकतो.

आता जरा व्हर्जन हिस्टरी बघू. 'महावंसा'च्या आधीचा ग्रंथ 'दीपवंस'. त्यातही विजय आहे, सोपारा आहे. उलट सोपाऱ्याच्या लोकांनी केलेला पाहुणचार आणि पाहुण्यांचे प्रताप त्यात जास्त खुलासेवार आहेत. कुवेणी मात्र नाही! म्हणजे ही बाई नंतरच्या रिलीजमध्ये आली.

का आली असेल? माझा अंदाज असा. दुसऱ्याची जमीन घेतली हे सरळ सांगायला जड जातं. पण त्या जमिनीवर माणसं खाणारी मायावी बाई बसवली, की घेणारा आपोआप नायक होतो. अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यात सिंहल व्यापाऱ्याची कथा रंगवलेली आहे. तिथेही बेटावर राक्षसिणी, शेवटी सिंहलची स्वारी आणि बेट त्याचं. हॅगार्डही साम्राज्याच्या काळातच लिहीत होता. आयेशाच्या हाती सत्ता होती, म्हणूनच तिला मरावं लागलं, असं मला वाटतं.

श्रीलंकेत हेन्री जयसेना यांनी १९६३ मध्ये 'कुवेणी' हे नाटक लिहून तिला स्वतःची बाजू मांडू दिली. आपल्याकडे मात्र ही गोष्ट ठाऊक असलेला माणूस क्वचितच भेटतो.

आणि खरं सांगायचं तर या प्रकरणात सोपाऱ्याची साक्ष सगळ्यात महत्त्वाची. इथे कुणी यक्षिणी नव्हती, जादू नव्हती, होते ते पाहुणचार करणारे साधे लोक. तरी भांडण झालंच. मग लंकेत आधी कुरापत कुणी काढली असेल? बघा, तुम्हाला काय वाटतं ते.