बाळाचं वजन कमी का भरलं? उत्तर कधी कधी वडिलांच्या जनुकांत असतं

बाळाचं वजन अडीच किलोच्या आत भरलं की पहिली चौकशी आईच्या खाण्यापिण्याची होते. 'नीट जेवत नव्हतीस का?' वडिलांना सहसा कुणी काही विचारत नाही.

कमी जन्मवजन आणि मोठेपणीचे आजार यांचा संबंध ब्रिटिश डॉक्टर डेव्हिड बार्कर यांनी चर्चेत आणला. हर्टफर्डशायरमध्ये १९११ ते १९३० दरम्यान जन्मलेल्या मुलांच्या वजनाच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. त्या चाळून त्यांच्या गटाने १९८९ मध्ये दाखवलं की, जन्मताना आणि वर्षाचे असताना ज्यांचं वजन कमी होतं, त्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. गर्भात पोषण कमी पडलं की त्याचे परिणाम शरीर पुढे भोगतं, असं बार्कर यांचं म्हणणं.

एक्सेटरचे अँड्र्यू हॅटर्सली यांनी दुसरी शक्यता मांडली. इन्सुलिन रक्तातली साखर आवरतं हे आपल्याला माहीत असतं, पण गर्भात बाळाची वाढही त्याच्यावर चालते. मग इन्सुलिन कमी पाडणारं एकच जनुक आधी वजन घटवत असेल आणि पुढे मधुमेहही देत असेल तर?

ग्लुकोकायनेज जनुकाने याचा पुरावा दिला. स्वादुपिंडाला साखरेची पातळी कळते ती याच्यामुळे. १९९८ च्या अभ्यासात दिसलं की, या जनुकातला दोष फक्त बाळात असेल (म्हणजे बहुतेक वेळा वडिलांकडून आलेला), तर वजन सुमारे ५०० ग्रॅमने कमी भरतं. दोष फक्त आईत असेल तर तिची साखर वाढते, बाळ जास्त इन्सुलिन बनवतं आणि वजन सुमारे ६०० ग्रॅमने वाढतं. दोघांतही असेल तर? वजन जवळपास नेहमीसारखंच!

हा दोष दुर्मीळ आहे. एरवी जन्मवजनावर असंख्य जनुकांचा थोडा थोडा परिणाम होतो. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात अशा १९० जागा सापडल्या. त्यातच एक गोष्ट पुढे आली: आईचा रक्तदाब वाढवणारी जनुकं बाळाचं वजन घटवतात, आणि तीच बाळाकडे आली तर पुढे त्याचाही रक्तदाब वाढवतात. म्हणजे या बाबतीत कमी वजन हे कारण नाही, दोन्हींचं मूळ एकच.

याचा अर्थ गरोदरपणातला आहार बिनमहत्त्वाचा, असा मुळीच नाही. आणि नुसत्या वजनावरून सगळं कळतं असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाला जवळच्या गावांतली बाळं सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच लहान आढळली. हातपाय बारीक, स्नायू कमी. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती.