गेला की घालवला?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावी टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा होती. माझा एक जुना विद्यार्थी आता कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, तो कॉलेजच्या संघातून खेळत होता. अंतिम सामन्यात शेवटचं षटक त्याच्याकडे आलं. समोरच्यांना चौदा धावा हव्या होत्या, त्यांनी पाच चेंडूंत काढल्या. होतं असं. पण समोरचा संघ आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांचा होता. संध्याकाळी मोबाईलवर बातम्या देणाऱ्या एका स्थानिक चॅनेलवर त्या षटकाचा व्हिडिओ फिरला. त्यावर मुलाचं नाव, आडनावासकट, आणि खाली प्रश्न : 'सामना गेला की घालवला?'

रात्री नऊच्या सुमारास त्या कॉलेजच्या संघातली पोरं आणि सामना बघायला आलेले त्यांचे मित्र असे दहा-बारा जण त्या चॅनेलवाल्याच्या दारात गेले. यात आमच्या समाजाचा एकही नव्हता. ते एवढंच म्हणाले, "त्याने घाण बॉलिंग टाकली असं लिहा. पन्नास वेळा लिहा. पण हे काढा." त्याने काढलं.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. 'जाणे' आणि 'घालवणे' यांतला फरक मुलांना समजावताना दरवर्षी घाम फुटतो. 'सामना गेला' याला कर्म लागत नाही. 'घालवला' म्हटलं की घालवणारा आला, आणि त्याच्यामागून त्याची नियतही आली. व्याकरणाचा हा धडा भारतीय क्रिकेटमध्ये पासष्ट वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या पोराच्या अंगावर कसा आला, ते आज सांगायचं आहे. त्याचं नाव अब्बास अली बेग.

बेग हैदराबादचा, जन्म मार्च 1939 चा. शिकायला ऑक्सफर्डला गेला आणि विद्यापीठाच्या संघात आला. 1959 च्या उन्हाळ्यात फ्री फॉरेस्टर्स या संघाविरुद्ध त्याने एका डावात नाबाद 221 आणि दुसऱ्या डावात 87 धावा केल्या. त्याच उन्हाळ्यात भारताचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता आणि पार चिरडला जात होता. पाच कसोटींची ती मालिका आपण 5–0 अशी हरलो. विजय मांजरेकर दुखापतीने बाहेर पडले, तेव्हा कुणाला तरी आठवलं की आपला एक मुलगा इथेच ऑक्सफर्डला शिकतो आहे. बोलावणं गेलं. चौथी कसोटी, मँचेस्टर, ओल्ड ट्रॅफर्ड, जुलै 1959.

जिंकायला 548 धावा हव्या होत्या, म्हणजे जिंकण्याचा प्रश्नच नव्हता. बेग तिसऱ्या क्रमांकावर आला. हॅरल्ड ऱ्होड्सचा उसळता चेंडू त्याच्या डोक्याला लागला. तेव्हा हेल्मेट नव्हतं. तो मैदान सोडून गेला, पण नंतर परत येऊन पुढे खेळला आणि 112 वर बाद झाला. त्या डावात पॉली उम्रीगरनेही 118 केल्या. भारताने 376 पर्यंत मजल मारली आणि 171 धावांनी हरला. वय वर्षं वीस, पहिलीच कसोटी, तीही परक्या देशात, आणि शतक. पदार्पणातच परदेशात शतक ठोकणारा तो पहिला भारतीय.

इथे एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. भारताबाहेर कसोटी शतक करणारा पहिला भारतीय म्हणजे इंदूरचा मुश्ताक अली. साल 1936, मैदान हेच ओल्ड ट्रॅफर्ड, आणि धावा? त्याही 112. त्या दिवशी मुश्ताकबरोबर दुसऱ्या टोकाला विजय मर्चंट होते. दोघांनी सलामीला 203 धावांची भागी केली होती. हे मर्चंट पुढच्या प्रसंगात पुन्हा येतात.

तो प्रसंग मुंबईचा. जानेवारी 1960, ब्रेबॉर्न स्टेडियम, समोर ऑस्ट्रेलिया. बेगने दोन्ही डावांत अर्धशतकं केली, 50 आणि 58. शेवटच्या दिवशी चहापानाला तो परतत असताना प्रेक्षकांतून एक तरुणी मैदानात धावत आली आणि तिने त्याच्या गालाचं चुंबन घेतलं. साठ सालच्या मुंबईत, भर मैदानात! मर्चंट तेव्हा रेडिओवर समालोचन करत होते. आम्ही शतकांवर शतकं करत होतो तेव्हा या मुली कुठे होत्या, अशी गंमत त्यांनी केली, असं सांगतात. सलमान रश्दींच्या 1995 च्या 'द मूर्स लास्ट साय' या कादंबरीत तर या चुंबनावर काढलेलं एक चित्रच आहे. वीस वर्षांचा देखणा हैदराबादी मुलगा, ऑक्सफर्डचा विद्यार्थी, आणि सगळी मुंबई त्याच्यावर फिदा. त्या दिवशी त्याच्या आडनावाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मग अकरा महिन्यांनी त्याच ब्रेबॉर्नवर पाकिस्तानचा संघ आला.

1960–61 ची ही मालिका ज्यांनी धावफलकांतून वाचली आहे, त्यांना ठाऊक असेल की ती किती कंटाळवाणी होती. पाच कसोटी, पाचही अनिर्णित. आधीची 1954–55 ची पाकिस्तानातली मालिकाही अशीच, पाचच्या पाच अनिर्णित. दोन्ही संघांना जिंकण्यापेक्षा न हरण्याची काळजी जास्त. आपल्या नाशिकच्या बापू नाडकर्णींनी कानपूरला 32 षटकं टाकली, त्यातली 24 निर्धाव, आणि एकूण 23 धावा दिल्या. बळी एकही नाही. क्रिकेट असं चाललं होतं. मुंबईच्या कसोटीत हनीफ मोहम्मदने 160 केल्या. आपल्याकडून रमाकांत देसाईने, म्हणजे तळाला येणाऱ्या गोलंदाजाने, 85 केल्या आणि नाना जोशींबरोबर नवव्या गड्यासाठी 149 धावा जोडल्या. लोकांना अजून त्याच आठवतात.

बेग मुंबई, कानपूर आणि कलकत्ता अशा तीन कसोटी खेळला. डाव चार, धावा 1, 13, 19 आणि 1. एकूण चौतीस.

या चौतीस धावांवर टीका व्हायलाच हवी होती. तिसऱ्या क्रमांकाच्या फलंदाजाने चार डावांत एवढंच केलं, तर त्याला बाहेर बसवा असं कुठल्याही क्रिकेट लेखकाने लिहावं, त्यात गैर काही नाही. पायांची हालचाल होत नाही, इंग्लंडच्या हवेतून येऊन इथल्या खेळपट्टीवर जुळवून घेता येत नाही, असं काहीही. खेळाडू म्हटला की हे ऐकावं लागतं.

बेगला जी पत्रं आली, ती याबद्दल नव्हती. तू मुसलमान आहेस, समोर मुसलमान आहेत, म्हणून तू मुद्दाम बाद झालास, असं त्यांत होतं. 'गेला' नाही, 'घालवला'. आणि कुठला सामना घालवला? पाचांतला एकही आपण हरलो नव्हतो!

अशा आरोपाला उत्तर काय द्यायचं, यावर मी बराच विचार केला आहे. फूटवर्क वाईट असेल तर माणूस नेटमध्ये जाऊन सुधारतो. नियत नेटमध्ये कशी सुधारणार? पुढच्या डावात शंभर केल्या तर लोक म्हणणार, बघा, मनात आणलं की जमतं. शून्यावर गेला तर पुरावाच मिळाला. मुलगा एकवीस वर्षांचा, अजून विद्यार्थी, आणि प्रत्येक चेंडू खेळताना त्याला आपल्या मनाची साक्ष काढायची. उरलेल्या मद्रास आणि दिल्लीच्या कसोटींत बेग संघात नव्हता. त्यानंतर तो कसोटी खेळला ते 1966–67 मध्ये, वेस्ट इंडिजविरुद्ध दोन सामने. मग संपलं. एकूण दहा कसोटी, 428 धावा.

आता पुन्हा मुश्ताककडे येतो, कारण बेगचा त्या मालिकेतला शेवटचा सामना कलकत्त्याला झाला आणि ईडन गार्डन्सच्या गर्दीचा याच बाबतीतला एक जुना किस्सा आहे. 1945 च्या अखेरीस ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेसचा संघ आला होता. कलकत्त्याच्या सामन्यातून मुश्ताक अलीला वगळलं. निवड समितीचे प्रमुख होते दुलीपसिंहजी. कलकत्त्याच्या लोकांनी त्यांना घेरलं आणि ओरडायला सुरुवात केली : 'नो मुश्ताक, नो टेस्ट!' मुश्ताकला घ्यावं लागलं. मुश्ताक ना बंगाली, ना कलकत्त्याचा. होळकरांच्या इंदूरचा, सी. के. नायडूंच्या तालमीतला गडी. पण तो खेळायचा असा की लोकांना दुसरं काही दिसत नसे. त्यानंतर वर्ष व्हायच्या आत, ऑगस्ट 1946 मध्ये, याच शहरात काय झालं ते आपल्याला माहीत आहे. तरीही 1945 मध्ये तिथल्या लोकांनी एका मुश्ताकसाठी दुलीपसिंहजींची वाट अडवली होती, हे खोटं ठरत नाही.

दुसरा किस्सा सलीम दुराणीचा. 1973 मध्ये इंग्लंडविरुद्ध कानपूर कसोटीतून त्याला वगळलं तेव्हा फलक झळकले : 'नो दुराणी, नो टेस्ट'. पुढच्या मुंबईच्या कसोटीत तो परत आला आणि ब्रेबॉर्नवर 73 धावा करून गेला. लोकांनी मागितला की षटकार मारणारा हा माणूस. त्याच्यासाठी मुंबईकर भांडायला तयार होते.

म्हणजे आपला प्रेक्षक खेळाडूसाठी उभा राहतो, नाव न बघता उभा राहतो. कलकत्त्यात राहिला, मुंबईत राहिला. पण मुश्ताकसमोर ऑस्ट्रेलिया होता, दुराणीसमोर इंग्लंड होता. बेगसमोर पाकिस्तान होता. ज्या ब्रेबॉर्नवर त्याला चुंबन मिळालं तिथूनच त्याच्या वाईट दिवसांची सुरुवात झाली, आणि क्रिकेटच्या पुस्तकांत त्याच्या नावाची घोषणा नाही, पत्रं आहेत.

साठ वर्षांनी हाच प्रसंग पुन्हा आला. 24 ऑक्टोबर 2021, दुबई, टी-20 विश्वचषक. पाकिस्तानने भारताला दहा गडी राखून हरवलं. दहा गडी राखून, म्हणजे आपल्या एकाही गोलंदाजाला एकही बळी मिळाला नव्हता. पण 'घालवला' हे क्रियापद फक्त मोहम्मद शमीला लागलं. फरक एवढाच की 1960 मध्ये असं पत्र लिहायला शाई, पाकीट आणि तिकीट लागायचं, आणि ते एकटा बेग उघडायचा. आता पत्र आणि वर्तमानपत्र एकच झालं आहे. पण दुसराही एक फरक पडला, तो आपण विसरू नये. या वेळी तेंडुलकर बोलला, सेहवाग बोलला, हजारो साधे क्रिकेटवेडे बोलले. आणि 30 ऑक्टोबरला कर्णधार विराट कोहलीने पत्रकारांसमोर स्वच्छ सांगितलं की धर्मावरून कुणाला लक्ष्य करणं ही माणसाने करावी अशी सर्वांत केविलवाणी गोष्ट आहे. त्याची किंमत त्याच्या घरच्यांनाही मोजावी लागली, त्याच्या तान्ह्या मुलीच्या नावाने धमक्या आल्या. बेगला असा कर्णधार असता तर, असं मनात येतं.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर माझ्या वाचकांतल्या बऱ्याच जणांना बरं वाटलं असतं. पण आपल्या घरातही थोडं बघू. मी लहान असताना अब्बा रेडिओला कान लावून बसायचे आणि अझरुद्दीन बाद झाला की रेडिओ बंद करायचे. भारत जिंको की हरो, अझरच्या धावा म्हणजे आमच्या धावा. हे प्रेम मला कळतं, पण त्यात एक खोट आहे. 2000 मध्ये सामने निश्चित करण्याच्या प्रकरणात अझरवर बंदी आली, तेव्हा मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवर एकच वाक्य ऐकू यायचं : मुसलमान आहे म्हणून अडकवला. मी तेव्हा वीस-एकवीसचा, मीही मान डोलावली होती. त्याच यादीत अजय जडेजा आणि अजय शर्मा होते, हे आम्ही कुणी बोलत नव्हतो. पुढे 2012 मध्ये उच्च न्यायालयाने अझरवरची बंदी बेकायदा ठरवली, तो भाग वेगळा. पण चौकशीने केलेला आरोप आणि निनावी पत्राने केलेला आरोप यांत आपण फरक केला नाही, तर बेगची बाजू मांडताना आपला आवाज कोण ऐकेल? त्या रात्री चॅनेलवाल्याकडे गेलेल्या पोरांना हे बरोबर कळलं होतं. घाण बॉलिंग टाकली असं लिहा, पन्नास वेळा लिहा.

बेगचं पुढे काय झालं, तेही सांगतो. 1991–92 मध्ये भारताचा संघ ऑस्ट्रेलियाला गेला, तिथून विश्वचषकात उतरला, तेव्हा संघाची जबाबदारी त्याच्यावर होती. 4 मार्च 1992 रोजी सिडनीत विश्वचषकातला पहिलावहिला भारत–पाकिस्तान सामना झाला. भारत 43 धावांनी जिंकला. कर्णधार हैदराबादचा अझरुद्दीन, आणि संघासोबत हैदराबादचाच अब्बास अली बेग, वय त्रेपन्नच्या घरात. अब्बांनी त्या दिवशी शेवटपर्यंत रेडिओ बंद केला नाही. बेग हे नाव मात्र मी तेव्हा ऐकलंही नव्हतं.

ही सगळी हकीकत मी त्या माझ्या विद्यार्थ्याला सांगितली. व्हिडिओ काढला गेला तरी तो आठवडाभर मैदानावर गेला नव्हता, म्हणून त्याच्या अम्मीने मला बोलावलं होतं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पत्रांबद्दल त्याने काही विचारलं नाही. चहा संपल्यावर म्हणाला, "सर, पण मँचेस्टरला तो 112 वर आउट कसा झाला?"

"रनआउट," मी म्हणालो.

"च्च," तो म्हणाला, आणि उठून बॉल शोधायला लागला.