महार रेजिमेंटचा महायुद्धकाळातला बिल्ला खरा कसा ओळखावा?

आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत सापडलेला किंवा ऑनलाइन विक्रीला आलेला महार रेजिमेंटचा टोपीवरचा बिल्ला पाहिला की आपल्या तरुणांची छाती अभिमानाने फुलते. काही विक्रेते या अभिमानाचाच बाजार मांडतात आणि अलीकडचा बिल्ला 'दुसऱ्या महायुद्धातला अस्सल' म्हणून गळ्यात मारतात. म्हणून ओळखीच्या काही खुणा आम्ही येथे देत आहोत.

आधी इतिहास

पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. त्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महारांच्या सैन्यभरतीचा प्रश्न सातत्याने लावून धरला. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. १९४२ मध्ये कामठीला दुसरी बटालियन उभारली गेली आणि ती पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेली. याच दुसऱ्या बटालियनमधील एका अधिकाऱ्याने रेजिमेंटचा बिल्ला तयार केला.

खूण पहिली : चित्र

युद्धकाळातल्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ आणि 'महार' हा शब्द होता. ऑक्टोबर १९४६ मध्ये रेजिमेंटचे मशिनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झाले आणि त्यानंतर बिल्ल्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशिनगन आल्या. पुढे स्तंभाची जागा कट्यारीने घेतली.

म्हणजे हिशेब सरळ आहे. बिल्ल्यावर मशिनगन असतील, तर तो १९४५ ला संपलेल्या महायुद्धातला नाही. कट्यार असेल, तर तो त्याहून नंतरचा. विक्रेता काहीही सांगो, या एका खुणेवर बरीच फसवणूक टळते.

खूण दुसरी : घडण

स्तंभाचे चित्र बरोबर असले तरी नक्कल आज काढता येते. म्हणून बिल्ला उलटा करून पाहा. ठशाने दाबून काढलेल्या बिल्ल्याच्या पुढच्या उठावाचे प्रतिबिंब बहुधा मागच्या बाजूला खोलगट दिसते. ओतीव बिल्ला जाड असतो, त्याच्या रेषा बोथट असतात आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात. ब्रिटनमध्ये बनलेल्या बिल्ल्यांबाबत ओतीवपणा संशयास्पद मानतात. भारतात मात्र त्या काळी स्थानिक कारागिरांनी ओतलेले बिल्लेही वापरात होते. त्यामुळे तेवढ्यावरून बिल्ला खोटा ठरवू नका.

खूण तिसरी : झीज

मागच्या कड्या किंवा टोपीत खोचायची पट्टी पाहा. वापरलेल्या बिल्ल्यात उंच भाग झिजतात आणि मळ खोबणीत साचतो. सगळीकडे सारखाच काळपटपणा असेल, तर तो रसायनाने आणलेला असू शकतो.

घरच्यांसाठी

बिल्ल्यावर सैनिकाचे नाव नसते. त्या काळच्या भारतीय सैनिकांच्या पदकांच्या कडेवर मात्र अनेकदा क्रमांक आणि नाव कोरलेले असते. म्हणून बिल्ला, पदके, डिस्चार्जचे कागद, पेन्शनचे पुस्तक आणि फोटो एकत्र ठेवा. या वस्तू एकमेकींच्या साक्षीदार आहेत. वेगवेगळ्या विकल्या की साक्ष संपते.

बिल्ला चिंचेने किंवा पावडरने घासून चकचकीत करू नका. त्याने रेषा झिजतात आणि जुनेपणाची खूणही जाते. कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून तो कोणाचा, कोणत्या बटालियनचा, कधीचा हे आजच लिहून काढा.

विकत घेणाऱ्या मित्रांना आमचे एकच सांगणे आहे. आधी पुढची-मागची स्पष्ट छायाचित्रे मागा आणि तो कोणत्या घरातून आला हे विचारा. उत्तर मिळत नसेल, तर पैसे खिशातच राहू द्या. बाबासाहेबांनी आपल्याला तपासून स्वीकारायला शिकवले आहे. आपल्या अभिमानाच्या वस्तूंनाही तोच नियम लागू आहे.

जय भीम!