पॅकेजचे स्थानिक भांडार: उभारणी आणि स्वाक्षरीचा प्रश्न

लिनक्स संगणकावर नवे सॉफ्टवेअर हवे असल्यास संकेतस्थळे धुंडाळत बसण्याची प्रथा नाही. वितरणाच्या स्वयंसेवकांनी पारखून बांधलेली पॅकेजेस एका सामायिक भांडारात ठेवलेली असतात आणि संगणकावरील पॅकेज व्यवस्थापक ती तेथून आणून बसवतो. रिपॉझिटरी म्हणतात ते हेच भांडार. एरवी ते दूरच्या सर्व्हरवर असते. त्याची प्रत किंवा त्याचा एखादा भाग आपल्याच संगणकावर, अथवा कार्यालयातील एखाद्या यंत्रावर उभारला, की ते स्थानिक भांडार झाले. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस संगणक आणि इंटरनेटची जोडणी एकच, अशा ठिकाणी तेच पॅकेज तीस वेळा उतरवणे हा निव्वळ अपव्यय आहे. जेथे जोडणी मुळातच नाही, किंवा सुरक्षेसाठी मुद्दाम तोडलेली आहे, तेथे तर संगणक अद्ययावत ठेवण्याचा याहून सोयीचा मार्ग नाही.

उदाहरणासाठी डेबियन घेणे सोयीचे. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेला हा प्रकल्प आजही स्वयंसेवकांच्या बळावर चालतो आणि उबंटूसारखी लोकप्रिय वितरणे त्याच्याच पायावर उभी आहेत. मे २०२४ मध्ये या प्रकल्पाची एक छोटी परिषद बेळगावातही भरली होती. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस होती.

पेनड्राइव्हवर चार पॅकेजेस नेली तर काम भागणार नाही का, असा प्रश्न साहजिक आहे. बहुधा भागत नाही. डेबियनचे पॅकेज ही एक गठडी असते. तिच्यात तीन गोष्टी असतात: गठडीच्या स्वरूपाचा क्रमांक, पॅकेजची माहिती आणि प्रत्यक्ष फाइली. माहितीच्या भागात या पॅकेजला आणखी कोणती पॅकेजे लागतात हे नोंदवलेले असते. त्या प्रत्येकाच्या पुन्हा स्वतःच्या गरजा असतात. डीपीकेजी हे मूळ साधन हातात दिलेली गठडी सोडते आणि काही कमी पडले तर तक्रार करून थांबते. कमी पडलेले शोधून आणण्याचे काम ॲप्टचे. ॲप्टला मात्र नुसत्या फाइली दिसून उपयोग नसतो. त्याला सूची लागते. पॅकेजेसचा ढीग आणि भांडार यांत फरक आहे तो या सूचीचा.

स्वतःचे छोटे भांडार उभारण्याची कृती त्यामुळे फारशी अवघड नाही. पॅकेजेस एका फोल्डरमध्ये गोळा करायची. हा फोल्डर वापरकर्त्याच्या खासगी फोल्डरात ठेवू नये. ॲप्ट आपले उतरवण्याचे काम मर्यादित अधिकारांच्या वेगळ्या खात्यातून करते आणि त्या खात्याला फाइली वाचता आल्या नाहीत तर अडचण येते. सर्व्हरच्या सामग्रीसाठी राखलेली एसआरव्ही ही निर्देशिका यासाठी योग्य. मग डीपीकेजी-डेव्ह या पॅकेजात मिळणारे डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस हे साधन चालवले की ते प्रत्येक गठडी उघडून नाव, आवृत्ती, गरजा, आकार आणि ठसा, म्हणजे आशयावरून काढलेला ओळखक्रमांक, सूचीत लिहिते. येथे नवखे हमखास अडखळतात. सूचीत फाइलीचा जो मार्ग लिहिला जातो, तो साधन ज्या फोल्डरातून चालवले त्याच्या संदर्भाने असतो. ते भलत्या फोल्डरातून चालवले तर सूची बिनचूक दिसते, पण स्थापनेच्या वेळी फाइल सापडत नाही. दुसरी खोच अशी, की एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्या ठेवल्या असतील तर हे साधन, वेगळे सांगितले नाही तर, फक्त नवी आवृत्ती सूचीत घेते.

शेवटी ॲप्टच्या स्रोतयादीत या फोल्डराचा पत्ता नोंदवायचा आणि सूची ताजी करण्याची आज्ञा द्यायची. एकाच संगणकापुरते काम असेल तर फाइलीचा थेट पत्ता पुरतो. इतरांनाही वाटायचे असेल तर तोच फोल्डर साध्या वेब सर्व्हरमागे ठेवला की झाले.

इथवर आल्यावर ॲप्ट नकार देते. भांडारावर स्वाक्षरी नाही, सबब ते वापरता येणार नाही, असा संदेश येतो. मदतीसाठी कोणाला विचारले तर बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: स्रोतयादीतील त्या ओळीत भांडार विश्वसनीय असल्याचा शेरा लिहून टाका. शेरा लिहिला की तक्रार थांबते, पण तिच्यासोबत तपासणीही थांबते.

ही तपासणी साखळीसारखी आहे. पॅकेजचा ठसा सूचीत असतो. सूचीचा ठसा रिलीज नावाच्या फाइलीत असतो आणि त्या फाइलीवर भांडारचालकाची डिजिटल स्वाक्षरी असते. वाटेत कोणी एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही. डेबियनची पॅकेजेस साध्या, कूटबद्ध नसलेल्या जोडणीवरून निर्धास्तपणे आणता येतात ती याच साखळीच्या भरवशावर. ॲप्टमध्ये ही व्यवस्था २००७ च्या डेबियन ४ पासून आहे. पॅकेज बसवताना त्यातील आज्ञा सर्वाधिकारी खात्याने चालवल्या जातात, हे ध्यानात घेतले म्हणजे शेऱ्याची किंमत कळते. वेब सर्व्हरमागील फोल्डरात एक फाइल टाकू शकणारा कोणीही प्रयोगशाळेतील तीसही संगणकांचा मालक होऊ शकतो.

स्वाक्षरी करणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. जीपीजी या साधनाने किल्ल्यांची जोडी तयार करायची, ॲप्ट-एफटीपीआर्काइव्ह वापरून रिलीज फाइल बनवायची आणि तिच्यावर खासगी किल्लीने सही करायची. सार्वजनिक किल्ली प्रत्येक संगणकावर ठेवून ती फक्त याच भांडारासाठी ग्राह्य आहे असे स्रोतयादीत नोंदवायचे. पूर्वी ॲप्ट-की या आज्ञेने किल्ली सरसकट सर्व भांडारांसाठी मान्य केली जात असे. ती पद्धत आता सोडून देण्यात आली आहे, तरी जुन्या मार्गदर्शिकांत अजून भेटते. नवे पॅकेज टाकले की सूची आणि सही दोन्ही पुन्हा करावी लागतात. हा खटाटोप नको असेल तर रेप्रेप्रो किंवा ॲप्टली ही साधने ते काम स्वतः करतात.

डेबियनच्या भांडाराची आरशासारखी हुबेहूब प्रत ठेवायची असेल, तर सहीचा प्रश्नच उद्भवत नाही. मूळ सही प्रतीबरोबर येते. मात्र एका प्रकारच्या प्रोसेसरपुरती प्रत घेतली तरी ती शेकडो गिगाबाइटची होते आणि एवढ्यातील फार थोडे वापरले जाते. ज्यांच्याकडे मंद का होईना, जोडणी आहे, त्यांनी ॲप्ट-कॅशर-एनजी पाहावे. ते मधल्या अडत्यासारखे बसते: पहिल्याने मागितलेले पॅकेज बाहेरून आणते, जपून ठेवते आणि उरलेल्यांना आपल्याकडचे देते. शाळेला बहुधा एवढेच पुरेसे असते.

प्रत घेणाऱ्याने शिळेपणाचाही विचार करावा. डेबियनच्या सुरक्षा भांडारातील रिलीज फाइलीवर मुदत लिहिलेली असते. ती टळली की ॲप्ट अडून बसते. ही मुदत पाहूच नये अशी सोय आहे आणि ती सर्रास वापरलीही जाते. जोडणी नसलेल्या ठिकाणी कधी कधी तिला इलाज नसतो. पण मग दर पंधरवड्याला डिस्क नेऊन प्रत ताजी करण्याचे काम कोणाचे, हे नावानिशी ठरलेले असावे. जोडणी नसलेल्या संगणकाला नेमके काय हवे याची यादी बनवून, दुसऱ्या संगणकावर तेवढेच उतरवून आणण्याचे काम ॲप्ट-ऑफलाइन करते. त्यामुळे डिस्कऐवजी पेनड्राइव्हवरही भागू शकते.

उलट बाजूही आहे. मुदत संपलेल्या वितरणांची भांडारे मूळ जागेवरून हलवली जातात. सेंटओएस ८ चा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपला आणि पुढच्याच महिन्याच्या अखेरीस नेहमीच्या पत्त्यांवरून त्याची पॅकेजेस नाहीशी झाली. पत्ते न बदललेल्या सर्व्हरांवर साधी स्थापनाही होईना. ज्यांच्याजवळ प्रत होती त्यांचे काम अडले नाही, मात्र सुरक्षा दुरुस्त्या त्यांनाही मिळत नव्हत्या.

घरच्या पॅकेजांना नावे देतानाही सावधगिरी हवी. सार्वजनिक भांडारात त्याच नावाचे आणि अधिक वरच्या आवृत्तीचे पॅकेज आले, तर ॲप्ट ते निवडते. २०२१ मध्ये सुरक्षा संशोधक अलेक्स बिरसन यांनी पायथन, नोड आणि रुबी यांच्या भांडारांबाबत हीच फट दाखवून दिली आणि कित्येक बड्या कंपन्यांच्या अंतर्गत यंत्रणांत आपले निरुपद्रवी पॅकेज शिरवले. डेबियनच्या भांडारात बाहेरच्या कोणाला असे पॅकेज सहजी घुसवता येत नाही, तरी नावे योगायोगाने जुळू शकतात. म्हणून नावाच्या आरंभी संस्थेचे एखादे चिन्ह जोडावे आणि कोणत्या भांडाराला अग्रक्रम द्यायचा तो ॲप्टच्या प्राधान्य फाइलीत लिहून ठेवावा. कोणते पॅकेज कोठून येणार आहे हे ॲप्ट-कॅश पॉलिसी ही आज्ञा पॅकेजच्या नावासह दिली की स्थापनेपूर्वीच पडद्यावर दिसते.