प्रत कोठे राहते? पोथीपासून टॅबलेटपर्यंत

जुन्या कागदपत्रांचा अभ्यास करणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो प्रतींचा. ‘लीळाचरित्र’ घ्या. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरस्वामींच्या आठवणी खपून जमवल्या. पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली आणि शिष्यांनी ती आठवणींतून पुन्हा उभी केली, असे महानुभाव परंपरा सांगते. आज या ग्रंथाचे निरनिराळे पाठ मिळतात, त्याचे मूळ या हकिकतीत आहे. नंतर याच पंथाने आपले वाङ्मय सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत लिहून ठेवले. ग्रंथ टिकले, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या लिपीचा उलगडा होईपर्यंत पंथाबाहेरच्या अभ्यासकांना ते वाचता येत नव्हते.

जागेचा प्रश्न याहून साधा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. अशा वेळी मूळ कागद आणि त्याची नक्कल एकाच कपाटात असतील, तर दोन्ही एकदमच जातात.

म्हणून कोणत्याही प्रतीला मी तीन प्रश्न विचारतो. तिच्यात काय उतरले आहे? ती कोठे ठेवली आहे? आणि ती कोणाला वाचता येईल? हेच प्रश्न आता मला माझ्या टॅबलेटला विचारावे लागत आहेत. मोडी कागदांचे रुमाल घरमालक सहसा घराबाहेर जाऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मी ओटीवर बसून आयपॅडवर छायाचित्रे घेतो, शेजारी टिपणे लिहितो. त्यांतली काही घरे नंतर पाडली गेली. तिथले रुमाल कोठे गेले, हे त्या कुटुंबांनाही सांगता येत नाही. म्हणजे माझ्याकडची नक्कल आज मूळ कागदाच्या जागी आहे. आणि ती ज्या लॅपटॉपवर उतरवून ठेवतो, तो आता म्हातारा झाला असून बदलायचा आहे.

या व्यवस्थेलाही इतिहास आहे. आयट्यून्स हा प्रोग्राम जानेवारी २००१ मध्ये आला तो गाण्यांसाठी. त्याच वर्षी आयपॉड आला आणि तारेने संगणकाला जोडण्याची पद्धत पडली. २०१० साली आलेला पहिला आयपॅडसुद्धा संगणकाला जोडल्याखेरीज सुरू होत नसे. संगणक हे मूळ घर आणि टॅबलेट ही त्याची शाखा, असा तो संसार होता. ऑक्टोबर २०११ मध्ये आयओएस ५ आणि आयक्लाउड आले, आणि टॅबलेटला संगणकाची गरज उरली नाही. प्रत दूरच्या सर्व्हरवर जाऊ लागली, ५ जीबीपर्यंत फुकट. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकवर आयट्यून्स राहिला नाही. बॅकअपचे काम फाइंडरकडे गेले. संगणकावर प्रत घेण्याची सोय मात्र शाबूत राहिली, पण ती आता शोधावी लागते.

छायाचित्रांचा पसारा ५ जीबीत मावत नाही, आणि दरमहा पैसे भरण्याची शिस्त माझ्या पश्चात कोण पाळेल हे मला माहीत नाही. म्हणून मला स्थानिक प्रत हवी. पण तिला तिन्ही प्रश्न विचारलेच पाहिजेत.

पहिला प्रश्न, काय उतरले? बॅकअप म्हणजे टॅबलेटची सगळी नक्कल, असा समज आहे. तसे नाही. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर तिथे गेलेली छायाचित्रे संगणकावरच्या बॅकअपमध्ये येत नाहीत. थेट अॅपल बुक्समध्ये उतरवलेल्या पीडीएफ येत नाहीत. बॅकअप एन्क्रिप्ट केला नसेल तर साठवलेले पासवर्डही येत नाहीत. संशोधकाचे धन बहुधा पहिल्या दोन गोष्टींतच असते.

दुसरा, कोठे? ही प्रत मोबाइलसिंक नावाच्या फोल्डरमध्ये, लॅपटॉपच्या पोटात राहते. लॅपटॉप भंगारात गेला की तीही गेली. शिवाय नवा बॅकअप जुन्याच्याच जागी बसतो. जुना वेगळा ठेवायचा असेल तर मॅकवर त्याला ‘अर्काइव्ह’ करावे लागते.

तिसरा, कोणाला वाचता येईल? हा फोल्डर उघडला तर आत ४० अंकाक्षरांच्या नावांच्या हजारो फाइल दिसतात. रुमालाचे नाव नाही, गावाचे नाही. ही आजची सकळ लिपी. एन्क्रिप्शनचा पासवर्ड विसरला तर टॅबलेटवरची सेटिंग्ज रीसेट करून नवा बॅकअप सुरू करता येतो, पण जुना कधीच उघडत नाही.

यावरून मी एक क्रम ठरवला आहे. छायाचित्रे आणि पीडीएफ आधी साध्या फाइल म्हणून बाहेरच्या डिस्कवर घ्यायच्या, गाव, घराणे आणि तारीख अशा नावांच्या फोल्डरांत. मग टॅबलेट तारेने जोडून एन्क्रिप्ट केलेला बॅकअप घ्यायचा आणि पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या एकाला सांगून ठेवायचा. बॅकअपचा फोल्डर आतल्या कशालाही हात न लावता अख्खा डिस्कवर उतरवायचा. नव्या लॅपटॉपवर पुन्हा ताजा बॅकअप घेऊन त्याची तारीख तपासायची. हे सगळे झाल्यावरच जुना लॅपटॉप पुसायचा. दुसरी डिस्क दुसऱ्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावी ठेवायची.

बॅकअपचे काम यंत्र पुन्हा उभे करण्याचे आहे. कागद पुढच्या अभ्यासकाच्या हाती पोचवण्याचे काम त्या साध्या, नावनिशीच्या फाइलच करतील. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड छापले, तेव्हा घराघरांतले कागद अनेक कपाटांत पोचले आणि मोडी न येणाऱ्यालाही वाचता आले. माझ्यासारख्याला खंड छापणे परवडत नाही. पण ज्या घरातले रुमाल पाहिले, त्या घराला त्याच छायाचित्रांचा एक पेनड्राइव्ह परत देणे परवडते. या दिवाळीच्या साफसफाईत जुना लॅपटॉप काढणाऱ्या प्रत्येक संग्राहकाने एवढे केले, तरी त्या कागदांची एक प्रत त्यांच्या मूळ गावी राहील.