चौधुरी, बिभा
चौधुरी, बिभा : (३ जुलै १९१३–२ जून १९९१). भारतीय प्रायोगिक कणभौतिकीविज्ञ. जन्म कोलकाता येथे. १९३६ मध्ये त्या कलकत्ता विद्यापीठातून भौतिकीत एम. एस्‌सी. झाल्या; त्या तुकडीत त्या एकट्याच विद्यार्थिनी होत्या. पुढे देवेंद्र मोहन बोस यांच्या मार्गदर्शनाखाली कोलकात्याच्या बोस संस्थेत त्यांनी विश्वकिरणांवर संशोधन केले. अलीकडे त्यांची आठवण निघते ती बहुधा हुकलेल्या नोबेल पारितोषिकाच्या संदर्भात. त्या कथेमागचा कळवळा खरा असला, तरी तिच्यामुळे त्यांच्या कामाचे खरे मोल झाकले जाते. चौधुरी यांचे स्थान एखाद्या कणाच्या शोधापेक्षा कणाचे वस्तुमान मोजण्याच्या पद्धतीत शोधले पाहिजे.

विश्वकिरणांतील भारित कण छायाचित्रणाच्या काचेवरील इमल्शनमधून जाताना रुप्याच्या सूक्ष्म कणिकांची रेघ उमटवतो. बोस आणि चौधुरी यांनी अशा काचा दार्जिलिंग, सांदकफू आणि तिबेटातील फारी जोंग येथे, म्हणजे वातावरण विरळ असलेल्या उंचीवर ठेवल्या आणि नंतर त्यांवरील रेघा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. कणाचा वेग मंदावतो तशा कणिका दाट होतात आणि रेघ अधिक वेडीवाकडी होते. हलका कण जड कणापेक्षा अधिक विचलित होतो. ही दोन मापे एकत्र आणली की कण प्रोटॉन आहे की त्याहून हलका, हे ठरवता येते. या मार्गाने त्यांनी ‘मेसोट्रॉन’चे, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या दरम्यान वस्तुमान असलेल्या कणाचे, वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट काढले. हे निष्कर्ष १९४० ते १९४२ या काळात ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. युद्धामुळे पूर्ण संवेदनशील काचा मिळत नव्हत्या आणि हाफटोन काचांवरच भागवावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्यामागची चिकाटी कळते.

मग ज्याच्याशी नोबेलची कथा जोडली जाते, त्या पायॉन या कणाचा शोध त्यांचाच मानावा काय? तसे म्हणता येत नाही. मेसोट्रॉन म्हणून तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या कणांत म्यूऑन आणि पायॉन असे दोन कण होते; म्यूऑनचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट, तर पायॉनचे सुमारे २७३ पट असते. कोलकात्याला मिळालेला आकडा ही सरासरी होती आणि ती म्यूऑनच्या जवळची होती. हे दोन वेगळे कण आहेत आणि पायॉनचा ऱ्हास होऊन म्यूऑन उपजतो, हे १९४७ मध्ये ब्रिस्टल येथे सेसिल पॉवेल, लाटेस, ओक्यालिनी आणि म्यूरहेड यांनी सुधारित इलफर्ड काचांवर दाखवले. पॉवेल यांना १९५० चे नोबेल पद्धतीच्या विकासासाठीही मिळाले, मग पद्धतीचे श्रेय तरी कोलकात्याचे नव्हे काय, असा प्रतिप्रश्न रास्त आहे. पण काचांवर विश्वकिरणांचे ठसे घेण्याचे काम त्याआधीच व्हिएन्नाच्या मारिएटा ब्लाउ आणि हेर्टा वाम्बाखर यांनी केले होते, त्यामुळे हे श्रेय एका नावावर मावत नाही. विचलनावरून कणाचा संवेग ठरवण्याची पहिली वाट मात्र बोस-चौधुरी यांची होती. पॉवेल यांनी सहलेखकांसह लिहिलेल्या १९५९ च्या ग्रंथात या पद्धतीचा भौतिक पाया बरोबर असल्याचे म्हटले आहे. प्रतिस्पर्ध्यानेच दिलेली ही साक्ष कोणत्याही अनुमानापेक्षा वजनदार आहे.

कल्पना बोस यांच्या आणि चौधुरी केवळ मदतनीस, असाही आक्षेप संभवतो. त्याचे उत्तर त्यांच्या पुढच्या कामात आहे. १९४५ मध्ये त्या मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि विस्तृत वायुवर्षावांतील, म्हणजे विश्वकिरणांमुळे वातावरणात उसळणाऱ्या कणांच्या वर्षावांतील, भेदक कणांवर डॉक्टरेटचे काम केले. साधन बदलले, मार्गदर्शक बदलले, पण वातावरण आणि जड पदार्थ भेदून जाणाऱ्या कणांचा ध्यास कायम राहिला. १९४९ मध्ये होमी भाभा यांच्या बोलावण्यावरून त्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या. त्या संस्थेतील पहिल्या स्त्री संशोधक म्हणून त्यांची नोंद होते. नंतर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत असताना कोलारच्या सोन्याच्या खाणींतील प्रयोगांत त्यांनी भाग घेतला. जमिनीच्या खोल थरांत इतर कण गाळले जातात आणि भेदक म्यूऑन उरतात. त्यांच्या जुन्या प्रश्नासाठी याहून योग्य जागा भारतात नव्हती. उत्तरायुष्यात कोलकात्याला परतल्यावरही त्यांचे संशोधन थांबले नाही.

२०१९ मध्ये एच. डी. ८६०८१ या ताऱ्याला आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ‘बिभा’ हे नाव दिले. हयातीत मात्र भारतातील प्रमुख विज्ञान अकादम्यांपैकी एकीचेही सदस्यत्व त्यांना मिळाले नाही. नोबेलपेक्षा ही उपेक्षा अधिक बोचते, कारण त्या अकादम्यांसमोर त्यांचे दशकानुदशकांचे काम येथेच, स्वतःच्या देशात, उपलब्ध होते.