मिलिंग यंत्राची अचूकता : घरगुती कारखान्याच्या संदर्भात

अनेक दात असलेला कर्तक स्वतःभोवती फिरत असताना टेबलावर पकडलेले काम त्याच्याकडे सरकवून सपाट पृष्ठे, खाचा, दाते इ. कापणाऱ्या यंत्राला मिलिंग यंत्र म्हणतात [⟶ यांत्रिक हत्यारे]. लेथमध्ये काम फिरते व हत्यार सरकते. येथे नेमके उलट घडते. त्यामुळे लेथवरील कामाचा गोलपणा बराचसा स्पिंडलवरच अवलंबून असतो, तर मिलिंग यंत्रावरील कामाची अचूकता एकाच वेळी चार गोष्टींवर अवलंबून राहते. टेबलाची लांबीच्या व रुंदीच्या दिशेतील गती आणि डोक्याची वा टेबलाची उभी गती या तिन्ही सरळ रेषेत व परस्परांशी काटकोनात असाव्या लागतात आणि स्पिंडलचा अक्ष टेबलाच्या पृष्ठाशी लंब असावा लागतो. यांपैकी कोणताही दोष कामात जसाच्या तसा उमटतो.

घराशेजारच्या शेडमध्ये बसविलेले लहान वा जुने मिलिंग यंत्र मूळचेच बेताच्या अचूकतेचे असते. त्याची अचूकता त्याच्या मालकाला वाढविता येईल काय, का त्यासाठी अधिक अचूक यंत्र असलेल्या कारखान्याकडेच जावे लागेल, हा प्रश्न व्यवहारात महत्त्वाचा आहे. कारण ०·०५ मिमी. च्या फरकाने नाकारलेला भाग मजुरीसकट वाया जातो. यांत्रिक हत्यारांचा इतिहास पाहता अचूकता ही एका यंत्राकडून दुसऱ्याकडे केवळ वारशाने येत नाही, ती तुलनेने निर्माण करता येते, असे दिसून येते.

मिलिंग यंत्राच्या शोधाचे श्रेय पुष्कळ वर्षे एली व्हिटनी या अमेरिकन कारखानदाराला देऊन त्याचा काळ सु. १८१८ मानला जात असे. रॉबर्ट वुडबरी यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानंतर हे श्रेय संशयास्पद ठरले असून न्यू इंग्लंडमधील बंदुकांच्या अनेक कारखान्यांत हे यंत्र हळूहळू घडत गेले, असे मानणे अधिक योग्य होय. आजच्या अर्थाचे सार्वत्रिक मिलिंग यंत्र प्रॉव्हिडन्स येथील जोसेफ ब्राउन यांनी तयार केले व १८६२ मध्ये ते विक्रीस आले. पीळदार ड्रिलच्या नागमोडी खाचा तोपर्यंत कानशीने घासून काढाव्या लागत; ते काम यंत्राने करणे हा त्यामागील तातडीचा हेतू होता. याच ब्राउन यांच्या कारखान्याने त्याआधी व्हर्नियर मापक आणि नंतर (१८६८) खिशात मावणारा मायक्रोमीटर बाजारात आणला, ही गोष्ट लक्षणीय आहे. कारागिराच्या हाती मोजण्याचे साधन आणि कापण्याचे यंत्र यांची वाढ एकाच छपराखाली झाली.

परंतु अचूकतेचे मूळ याहून जुने आहे. लंडनमधील हेन्री मॉड्स्ली (१७७१–१८३१) यांच्या कारखान्यात कारागिरांच्या बाकांवर सपाट पृष्ठाचे तक्ते ठेवलेले असत व केलेले काम त्यांवर घासून पाहण्याचा परिपाठ होता. तेथे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या ग्लासगो येथील अधिवेशनात खरे सपाट पृष्ठ तयार करण्याची रीत मांडली. त्यापूर्वी दोन तक्ते एमरीची पूड घालून एकमेकांवर घासण्याची पद्धत होती. या पद्धतीत पूड कोठे अधिक कापते यावर कारागिराचा ताबा राहत नसे. शिवाय दोन तक्ते एकमेकांशी तंतोतंत जुळले, तरी ते सपाट असतातच असे नाही. एक किंचित फुगीर व दुसरा तितकाच खोलगट असला, तरीही ते जुळतातच.

या अडचणीवरील तोड म्हणजे तिसरा तक्ता होय. समजा, पहिला तक्ता फुगीर आहे. दुसरा व तिसरा हे दोन्ही पहिल्याशी जुळविले, तर ते दोन्ही खोलगट होतील. आता दुसरा व तिसरा एकमेकांवर ठेवले की ते फक्त कडांवर टेकतात आणि लपलेला दोष उघडा पडतो. तक्त्याला पातळ निळा रंग लावून दुसऱ्यावर ठेवला म्हणजे उंचवटे रंगतात. तेवढेच धारदार पोलादी पात्याने खरवडून काढावयाचे व पुन्हा तपासावयाचे. तिन्ही जोड्या आळीपाळीने व मधूनमधून तक्ता ९० अंशांत फिरवून जुळविल्या की शेवटी तिन्ही पृष्ठे सपाट होतात, कारण तिन्हींनी एकमेकांशी जुळण्याची दुसरी शक्यताच उरत नाही. या क्रियेत अगोदर तयार असलेले कोणतेही अचूक साधन लागत नाही. बिडाचे तीन तुकडे, रंग, खरवडणी आणि संयम एवढ्या भांडवलावर मूळ प्रमाण घडते. यांत्रिकीच्या इतिहासात याइतके समतावादी तंत्र क्वचितच सापडेल, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

काटकोनाच्या बाबतीतही असेच आहे. गुण्या खरा आहे का हे पाहण्यासाठी सरळ कडेला गुण्या टेकवून रेघ मारावयाची, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारावयाची आणि दोन रेघांमधील अंतराच्या निम्मा दोष गुण्यात आहे असे समजावयाचे, ही रीत कोणत्याही गावच्या सुताराला ठाऊक असते. यंत्रशाळेत रेघेऐवजी डायल गेजचा काटा वापरतात, एवढाच काय तो फरक. पाणसळही अशीच जागच्या जागी उलटी फिरवून तपासतात. उलटून पाहण्याच्या या तत्त्वामुळे मोजण्याचे साधन सदोष असले, तरी त्याचा दोष वेगळा काढता येतो.

यंत्र तपासण्याचे पद्धतशीर शास्त्र मात्र विसाव्या शतकातले. बर्लिनच्या तंत्रविद्यापीठातील प्राध्यापक गेओर्ग श्लेसिंगर (१८७४–१९४९) यांनी १९२७ मध्ये यांत्रिक हत्यारांच्या तपासणीचे पुस्तक प्रसिद्ध केले. प्रत्येक प्रकारच्या यंत्रावर कोणत्या ठिकाणी, कोणत्या साधनाने व किती लांबीवर तपासणी करावी आणि किती दोष क्षम्य मानावा, हे त्यात तक्त्यांच्या रूपाने दिलेले होते. नाझी राजवटीत ज्यू म्हणून त्यांना देश सोडावा लागला व अखेरचे कार्य त्यांनी इंग्लंडमध्ये केले. त्यांचे तक्ते मात्र अनेक देशांच्या मानकांत, भारतीय मानकांतही, उतरले. ३०० मिमी. लांबीवर ०·०२ मिमी. हे मिलिंग यंत्राबाबत वारंवार आढळणारे परिमाण याच परंपरेतील आहे.

भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात यंत्रांची आयात अडचणीत आल्याने १९४१ मध्ये यांत्रिक हत्यारांवर सरकारी नियंत्रण आले. देशी यंत्रांत तपासणीस उतरलेली ‘ग्रेडेड’ व इतर ‘अनग्रेडेड’ असा भेद या काळात रूढ झाला. हरिहर येथील म्हैसूर किर्लोस्कर (१९४१) हा पहिल्या वर्गातील कारखान्यांपैकी ठळक होय. बटाला, लुधियाना, राजकोट इ. ठिकाणच्या लहान कारखान्यांची स्वस्त यंत्रे बहुतेक दुसऱ्या वर्गात मोडत आणि घरगुती कारखान्यांत प्रामुख्याने तीच पोहोचली. ‘अनग्रेडेड’ म्हणजे टाकाऊ, असा जो समज पसरला तो मात्र बरोबर नव्हता. या यंत्रांचे बीड पुष्कळदा ठीक असे. कमी पडे ती खरवडणी, कारण तिला कुशल कारागिराचे तास लागतात व ते किंमतीत बसत नसत. म्हणजे जे काम कारखान्याने सोडून दिले, ते मालकाला नंतर करून घेता येण्याजोगे होते.

स्वातंत्र्यानंतर बंगलोर येथे हिंदुस्थान मशीन टूल्स (१९५३) आणि मध्यवर्ती यांत्रिक हत्यार संस्था (१९६२) स्थापन झाल्या. ठाणे जिल्ह्यात अंबरनाथ येथे १९५३ मध्ये संरक्षण खात्याचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना निघाला. २०२१ मधील पुनर्रचनेनंतर तो आर्मर्ड व्हेइकल्स निगम या सरकारी कंपनीत समाविष्ट झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (१९६२) स्थापनेनंतर अंबरनाथ, डोंबिवली व पुढे मुरबाड येथे औद्योगिक क्षेत्रे वाढली. अशा कारखान्यांच्या आसपास सुटे भाग करून देणाऱ्या एकदोन यंत्रांच्या शेडही निघतात. शहापूर तालुक्यात तानसा तलावाचे पाणलोट क्षेत्र १८९२ पासून मुंबईच्या पाण्यासाठी राखलेले व पुढे अभयारण्यात समाविष्ट झालेले असल्याने तेथे मोठ्या कारखानदारीला वाव नाही. म्हणूनच घरालगतच्या शेडचा विचार या भागापुरता तरी गौण ठरत नाही.

या प्रदेशाच्या हवामानाचा यंत्राच्या अचूकतेशी निकट संबंध आहे. लांबीच्या मापनासाठी २०° से. हे प्रमाण तापमान १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय स्तरावर ठरले. तानसा–मुरबाड भागात एप्रिल–मे महिन्यांत दुपारचे तापमान ४०° से. च्या घरात जाते व पत्र्याच्या शेडमध्ये ते त्याहूनही चढते. बिडाचे प्रसरण दर अंशाला मीटरमागे सु. ०·०११ मिमी. आणि ॲल्युमिनियमचे त्याच्या सु. दुप्पट असते. म्हणून ४०° से. ला बिडाच्या यंत्रावर ३०० मिमी. लांबीचा केलेला ॲल्युमिनियमचा भाग २०° से. ला सु. ०·०७ मिमी. आखूड भरतो. सर्व काही सारखे तापले, तर हा हिशेब निदान मांडता तरी येतो. यंत्र एकाच बाजूने तापणे अधिक वाईट. ६०० मिमी. उंच व २०० मिमी. जाडीच्या खांबाच्या पुढच्या व मागच्या अंगांत केवळ १° से. फरक पडला, तरी खांब वाकून स्पिंडल इतका कलतो, की टेबलाच्या ३०० मिमी. अंतरावर ०·०१ मिमी. दोष येतो, म्हणजे क्षम्य दोषाचा निम्मा भाग पश्चिमेकडील उघड्या खिडकीतच संपतो. यंत्र खिडकीपासून दूर ठेवणे, पत्र्याखाली छत घालणे व बारीक काम सकाळी करणे हे उपाय कोणत्याही महागड्या सुट्या भागाहून अधिक उपयोगी पडतात.

प्रत्यक्ष सुधारणेत क्रमाला फार महत्त्व आहे. पाया व पाणसळ प्रथम. पाय असमान टेकले असतील, तर बोल्ट आवळताच बैठक पिळवटते व पुढील सर्व मोजमाप व्यर्थ जाते. त्यानंतर डव्हटेल खाचांतील गिब पट्ट्यांचा खेळ काढावयाचा, गरज पडल्यास त्या रंग लावून खरवडावयाच्या. मग स्पिंडलच्या बेअरिंगांतील ढिलाई पाहावयाची. हे झाल्यावरच खांबाकडे वळावे. येथे नवशिक्याची हमखास चूक होते. स्पिंडलमध्ये डायल गेज बसवून ते टेबलावर वर्तुळात फिरविले व पुढेमागे फरक आढळला, की तो सरळ खांबाखाली पातळ पत्रा सारतो. काटा जुळतो खरा. परंतु डोक्याची उभी गती त्यामुळे तिरकी झालेली असते आणि भोक खोल जाईल तसे बाजूला सरकते. म्हणून आधी टेबलावर तपासलेला गुण्या उभा करून डोके वरखाली सरकवीत खांब उभा करावयाचा आणि नंतर डोके व खांब यांच्या सांध्यात स्पिंडल जुळवावयाचा.

पत्र्याची जाडी प्रमाणाने काढतात. गुण्याच्या १५० मिमी. उंचीत ०·०५ मिमी. फरक असेल व बोल्टमधील अंतर १८० मिमी. असेल, तर ०·०६ मिमी. जाडीचा पत्रा लागेल. कागद वापरू नये. तो दबत राहतो. पत्राही तात्पुरताच समजावा, कारण त्यामुळे सांध्याचा स्पर्श थोड्या जागेवर राहून ताठरपणा कमी होतो. सांध्याचे पृष्ठ खरवडणे हा खरा उपाय होय; ते शक्य नसल्यास खांब योग्य स्थितीत धरून फटीत इपॉक्सी भरून घट्ट होऊ देतात.

मळसूत्र व नट यांतील खेळ कमी करता येतो, परंतु सामान्य आट्यांत तो पूर्णपणे जात नाही. काम नेहमी एकाच दिशेने आणून मोजणे ही जुनी सवय अजूनही कामी येते. अलीकडे टेबलालाच मोजपट्टी लावून स्थान अंकांत दाखविणारी उपकरणे स्वस्त झाल्याने मळसूत्राची झीज मोजमापात येत नाही. काटकोनाचा दोष मात्र ती दाखवीत नाहीत.

या सर्व सुधारणेला एक मर्यादा आहे, ती ताठरपणाची. कर्तकाच्या दाबाखाली बारीक खांब वाकतो व ते वाकणे स्थिर यंत्रावरील डायल गेजला दिसत नाही. पोकळ खांबात इपॉक्सी व खडीचे मिश्रण भरल्याने कंप पुष्कळ शमतो. श्टूडर या स्विस कंपनीने १९७० नंतरच्या दशकात अशा मिश्रणाच्या संपूर्ण बैठका ओतल्या होत्या. मात्र भरावाने ताठरपणा त्या मानाने थोडाच वाढतो. तेव्हा अशा यंत्रावर शेवटचा काप ०·१ ते ०·२ मिमी. इतकाच ठेवावा लागतो.

तानसा खोऱ्यातील पावसाळ्यात खरवडलेल्या उघड्या पृष्ठांवर एका रात्रीत गंज चढू शकतो व तो काढताना घासलेला भाग पुन्हा भरून येत नाही. यासाठी जूनपूर्वी टेबल, खाचा व तक्ते यांवर दाट तेल लावून ठेवतात आणि पाऊस ओसरल्यावर, जमीन वाळून पाया स्थिरावला की पाणसळीपासूनची सर्व तपासणी पुन्हा एकदा करतात.